आधी स्वतः वाचा, मग फोटो टाका: मोडी गटाच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२४

वर्ग संपतो, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप उरतो. जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकवणाऱ्या आमच्या वर्गाचंही तेच झालं. ग्रुपमध्ये सदाशिव पेठेपासून धायरी-वाघोलीपर्यंतची माणसं आहेत. कुणाकडे पणजोबांची ट्रंक आहे, कुणी नुसतं हौशी. रोजचा क्रम ठरलेला: सकाळी सुप्रभात, दुपारी कुणीतरी कागदाचा फोटो टाकून ‘सर, काय लिहिलंय?’, दहा मिनिटांत सरांचं पूर्ण लिप्यंतर, त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. पुढच्या आठवड्यात तोच माणूस तशाच वळणाचा दुसरा कागद टाकतो आणि पुन्हा तोच प्रश्न. म्हणजे या ग्रुपमध्ये मोडी फक्त सरांचं सुधारतंय, आणि त्यांना त्याची गरज नाही.

आज सरांच्या घरी बसून दोन गोष्टी ठरवल्या. एक, फोटोसोबत स्वतःचं वाचन आलं पाहिजे, मग ते तीन शब्दांचं का असेना. न लागलेल्या जागी फुली मारायची. दोन, सरांनी रात्री नऊपर्यंत गप्प राहायचं. पहिली गोष्ट सरांना लगेच पटली. दुसरीवर म्हणाले, ‘समोर चुकीचं वाचन दिसत असताना मी गप्प बसू?’ त्यावर वहिनी आतून म्हणाल्या, ‘बसा की एकदा.’

१४ जून

पहिलाच खटका फोटोवरून. एका ताईंनी पणजोबांचं खरेदीखत वाचून टाकलं आणि त्यात ‘खरेदीखंत’ असं वाचलं. ग्रुपमध्ये हशा, जमिनीचा व्यवहार बघता शब्द बरोबरच आहे वगैरे. पण फोटो मोठा करून पाहिला तर ‘ख’वर खरंच ठिपका दिसतो. मूळ कागद मागवला. ठिपका नाही, कसरीचं भोक आहे. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात भोकाची कड गेली आणि नुसता काळा ठिपका उरला. उलटंही होतं: बारीक टोकाने दिलेला खरा अनुस्वार दाबलेल्या फोटोत पुसला जातो आणि ‘बंद’चा ‘बद’ होतो.

मोडीत हे फार महागात पडतं. शिरोरेषा आधी पानभर ओढून घेतलेली, अक्षरं तिला खालून लटकवलेली, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. वाचणाऱ्याला जी काही खूण मिळते ती अशा बारीक ठिपक्यांत आणि वळणांत. ती फोटोतच हरवली तर पुढची सगळी चर्चा धुक्यात.

म्हणून फोटोचे नियम पिन केले. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. आधी पूर्ण पान, मग चार-चार ओळींचे जवळून फोटो. शेजारी पट्टी ठेवावी. आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचं, म्हणजे फोटो दाबला जात नाही. शेवटची सूचना समजावताना सगळ्यात जास्त वेळ गेला. सत्तरीच्या पुढच्या मंडळींना नातवंडांनी एकदा करून दाखवलं, मग जमलं.

२१ जून

आजचा दिवस वसूल. मृग नुकताच लागला म्हणून सरांनी मुद्दाम सुहूर सनाचा, म्हणजे पेशवाईच्या कागदांत येणाऱ्या कालगणनेचा, कागद बोरूने लिहून टाकला. दोन वेगवेगळ्या पत्रांचे शेवट: एकात माहे मोहरम, दुसऱ्यात माहे जमादिलाखर. सन दोन्हींत तोच, ‘इहिदे सितैन मया व अलफ’. प्रश्न एवढाच: इसवी सन काय?

अरबी आकडे उलटे वाचायचे हे वर्गात झालं होतं. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११६१. इथपर्यंत बरेच जण आले. मग हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एकाने दोन्ही पत्रांसाठी ६०० मिळवून १७६१ लिहून टाकलं आणि खाली ‘सोपं होतं’ असंही.

गंमत अशी की साध्या प्रश्नाला ज्यांनी आजवर कधी उत्तर दिलं नाही, अशी तीन माणसं चुकीचं उत्तर बघून पाच मिनिटांत हजर झाली. विकी हा प्रकार पहिल्यांदा १९९५ मध्ये उभा करणाऱ्या वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावाने एक नियम सांगतात: इंटरनेटवर बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर टाका. कनिंगहॅम पुण्याचे नाहीत हे नवलच.

त्या तिघांत मिळून जे निघालं ते असं. सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. त्यामुळे जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेसाठी ६००. पण महिना तर हिजरी, चंद्राचा. तो त्या वर्षी कुठे पडला हे बघितल्याशिवाय कोणता आकडा मिळवायचा ते कळत नाही. एकाने जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखांची कोष्टकं, काढली. त्या वर्षी मोहरम ऑगस्टमध्ये सुरू झाला, म्हणून पहिलं पत्र १७६० चं. जमादिलाखर जानेवारीत, म्हणून दुसरं १७६१ चं. मग एका काकांच्या डोक्यात प्रकाश पडला: जानेवारी १७६१ म्हणजे पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, पानिपत! एकाच सनाच्या दोन पत्रांत एक लढाईच्या आधीचं आणि दुसरं ऐन धामधुमीतलं. सगळ्यांनाच एकदम हुरूप आला.

हिंजवडीकराने रात्री स्वतःच एक छोटी तक्ता-फाइल करून टाकली, सन आणि महिना भरला की इसवी सन देणारी. सर नऊ वाजता आले आणि त्यांना सांगायला काही उरलं नव्हतं. थोडे नाराज वाटले.

३० जून

दोन्ही पालख्या पुण्यात. ग्रुपभर पालखीचे फोटो. बंदी घातली नाही. मंगळवारी पालख्या हलल्या की कागद.

१० जुलै

व्हॉट्सॲपची मोठी अडचण म्हणजे त्याला कालचं काही लक्षात राहत नाही. २१ जूनची चर्चा आज शोधायला गेलो तर पालखी, वाढदिवस आणि एका सोसायटीच्या पाणीकपातीखाली गाडलेली. नवीन माणूस ग्रुपमध्ये येतो त्याला मागचं आपोआप काही दिसत नाही. तो पुन्हा ‘इहिदे म्हणजे काय’पासून सुरू करतो आणि जुने लोक वैतागतात. दोघांचंही चुकत नाही.

टेलिग्रामवर ग्रुप केला. तिथे विषयवार कप्पे करता येतात आणि नव्या माणसाला जुनं सगळं दिसेल अशी सोय ठेवता येते. कप्पे असे पाडले: तारखा, संक्षेप, जमाखर्च, जमिनीचे कागद, ‘अडलंय’. पण निम्मे लोक येईनात. ‘आणखी एक ॲप कशाला’ या वाक्यापुढे कुठलाही युक्तिवाद चालत नाही. शेवटी तडजोड: गप्पा आणि रोजचा कागद व्हॉट्सॲपवर, आणि पक्कं झालेलं वाचन टेलिग्रामवर नेऊन ठेवायचं. नेण्याचं काम आठवड्याला एकाकडे. त्याने नुसतं अंतिम लिप्यंतर न्यायचं नाही, आधीची चुकीची वाचनंही न्यायची, आणि ती का चुकली हे एका ओळीत लिहायचं. हे सरांना वायफळ वाटतं. मला वाटतं खरी शिदोरी तीच. बरोबर लिप्यंतर छापील पुस्तकात मिळतं. ‘इथे माणसं साधारण अशी घसरतात’ हे कुठल्या पुस्तकात मिळणार?

हे न्यायचं काम ज्याच्याकडे येतं तो त्या आठवड्यात सगळ्यात जास्त शिकणार. म्हणून पाळी आता जाणकारांना द्यायची नाही, नवख्यांना द्यायची.

२७ जुलै

परवाच्या पावसात सिंहगड रस्त्याच्या बाजूला घरांत पाणी शिरलं. ग्रुपमधल्या दोघांकडे तळमजल्यावर नुकसान. एकाचे जुने कागद ट्रंकेसकट भिजले. त्यांनी रात्री ‘काय करू’ एवढंच लिहिलं.

या वेळी नऊ वाजेपर्यंत थांबण्याचा प्रश्न नव्हता. कागद जतनाचं काम केलेल्या एक ताई ग्रुपमध्ये आहेत हे तेव्हा कळलं. त्यांनी एकामागोमाग व्हॉइस मेसेज टाकले: उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर नको, इस्त्री तर नकोच. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, गठ्ठा तसाच आडवा ठेवा. खाली-वर टीपकागद, तो भिजला की बदला, पंखा लांबून. जुनी शाई काजळ आणि डिंकाची, ती ओली असताना बोट लागलं तर फरफटते, म्हणून पुसू नका. जमेल तेव्हा आहे त्या स्थितीत फोटो काढून ठेवा.

बरेच कागद बचावले. ते व्हॉइस मेसेज ऐकून लिहून काढले आणि टेलिग्रामवर ‘कागद सांभाळणे’ असा नवा कप्पा केला.

१२ ऑगस्ट

जमाखर्चाचा कागद. जोंधळ्याची तीन नावांवरची मापं, मणात. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने फार मन लावून वाचलं होतं: ५११, ३१, २१. खाली बेरीज ११. तिने लिहिलं, ‘बेरीज चुकलेली दिसते, कारकून झोपेत असावा.’

दोन-तीन जणांनी कारकुनावर विनोद केले. मग कधीच न बोललेल्या एका नंबरवरून व्हॉइस मेसेज आला. मार्केट यार्डात गाळ्यावर आयुष्यभर वही लिहिलेले काका. ‘बाळा, कारकून झोपेत नाहीये. त्या एक नाहीत, रेघा आहेत. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ते ५॥ आहे, साडेपाच. खाली ३। म्हणजे सव्वातीन आणि २। म्हणजे सव्वादोन. आता कर बेरीज.’ साडेपाच, सव्वातीन, सव्वादोन: बरोबर अकरा. पुढे त्यांनी रुपयाचंही सांगितलं. एक रेघ चार आणे, दोन आठ, तीन बारा. ‘आणि हिशेबाचा कागद वाचताना अक्षरावर आधी विश्वास ठेवू नये, बेरजेवर ठेवावा. बेरीज जुळली की अक्षर आपोआप लागतं.’

मोडी वर्गात हे कुणी शिकवलं नव्हतं. काकांना मोडी फारशी येत नाही, पण रेघा येतात, कारण गाळ्यावर त्या पुढेही चालूच होत्या.

गप्प बसणाऱ्यांविषयी इथे लिहून ठेवतो, कारण मागच्या बैठकीत ‘जे बोलत नाहीत त्यांना काढा’ असा सूर होता. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा प्रसिद्ध आहे: अशा समूहांत शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एक जण बहुतेक सगळा भार उचलतो. आमचं चित्र फार वेगळं नाही. पण माणसं कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिंप्यांसारख्या कारागिरांच्या उमेदवारीवरून दाखवलं की कडेला बसून बघणं हाही शिकण्याचाच भाग असतो. नवा पोऱ्या आधी काजं-बटणं करतो, बघत राहतो, मग कापडाला कात्री लावतो. प्रश्न एवढाच की कडेला बसलेल्याला आत यायला छोटी, न लाजवणारी वाट आहे का. काकांना ती बेरजेतून मिळाली. तेव्हा कुणालाही काढायचं नाही. उलट महिन्यातून एक कागद असा टाकायचा, ज्यात मोडीबाहेरचं ज्ञान लागेल: शेती, दागिने, देवस्थानचा खर्च, पाककृती.

२ सप्टेंबर

मागच्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला आहे. ग्रुपमध्ये अनोळखी लोक येतात, गाव नमुना १४ चा, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा, फोटो टाकतात आणि ‘जात काय लिहिलीय तेवढं सांगा, अर्जंट’. स्वतःचं वाचन टाका म्हटलं तर राग येतो. त्यांची निकड खरी आहे, पण ग्रुपवर कुणीतरी सांगितलेलं वाचन कुठल्याही कार्यालयात चालणार नाही, आणि चुकलं तर एखाद्याचं नुकसान होईल. अशांना अधिकृत लिप्यंतरकाराकडे जायला सांगायचं, उद्धटपणा न करता.

दुसरी बाब गंभीर. जन्म-मृत्यूच्या या नोंदवहीच्या एका पानावर आख्ख्या आळीची नावं असतात, जात असते, कुणी कशाने गेलं ते असतं. एकाचा शोध घेताना बाकीच्यांच्या घरची माहिती शेकडो फोनवर जाते. त्यांचे पणतू इथेच राहतात. म्हणून नियम: दुसऱ्यांच्या ओळी झाकल्याशिवाय असं पान टाकायचं नाही; टाकलं तर ॲडमिन काढून टाकणार.

वाईट एवढंच की नवशिक्याला याच्यासारखा दुसरा धडा नाही. रकाने ठरलेले, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा, ताप, देवी, पटकी. एका पानात डोळा बसतो. त्यावर सरांनी तोडगा काढला. तशाच रकान्यांची खोटी पानं, बनवलेल्या नावांची, बोरूने लिहून देतो म्हणाले. पहिलं पान आलंही. नावं सगळी पुराणातली आहेत: घटोत्कच, वय वर्षे तीन, ताप.

१९ सप्टेंबर

विसर्जन झालं, माणसं परत भानावर.

नवा प्रयोग. आत्तापर्यंत पहिलं वाचन पडलं की पुढचे त्याच्याच मागे जातात. पहिल्याने ‘तालुका’ वाचलं की सगळ्यांना तालुकाच दिसतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी झूमध्ये आकाशगंगेचा एकच फोटो अनेक स्वयंसेवकांना दाखवतात आणि ज्याचं त्याने वेगळं मत द्यायचं, मग ती मतं ताडून बघतात. आम्ही त्याची गावठी आवृत्ती केली. कागद तिघांना खाजगीत पाठवायचा, तिघांची वाचनं आल्यावर एकदम ग्रुपवर टाकायची, आणि जिथे पटत नाही तेवढ्याच जागांवर बोलायचं.

पहिल्या कागदात भांडण झालं ते ‘ता।’ या दोन खुणांवर. दोघांनी ‘तालुका हवेली’ लावलं, एकीने ‘तर्फ हवेली’ (तर्फ म्हणजे जुन्या महसुली व्यवस्थेतला गावांचा गट). तिचं म्हणणं, पुढे ‘प्रांत पुणे’ आहे, कागद पेशवाईतला, तेव्हा तर्फच. हवेली तालुका इंग्रजी अमलातला. दोघांना पटलं. एक अक्षरही न बदलता नुसत्या काळाच्या अंदाजावर वाचन बदललं. हे आधी एकमेकांचं बघून वाचलं असतं तर तिघांनीही तालुकाच लिहिला असता, आणि प्रश्नच पडला नसता.

यात सरांचं गप्प बसणंही आपोआप होतं, कारण वाचनं एकदम येईपर्यंत त्यांना दाखवतच नाही.

५ ऑक्टोबर

परवा, ३ तारखेला, मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. अभिनंदनाचे इतके संदेश की फोन तापला. एका दिवसात भराभर नवे सदस्य. ‘मोडी पुन्हा शाळेत आली पाहिजे’ यावर लांबच लांब मजकूर, पुढे ढकललेला. स्वतःचं वाचन एकानेही टाकलं नाही. आठ दिवस थांबायचं, मग घटोत्कचाचं पान टाकायचं. कोण उरतं ते बघू.

रोज एक अक्षर दाखवणारी रील्स करणारा एक मुलगाही आलाय. त्याची रील्स खरंच देखणी आहेत, बोरूचा आवाजसुद्धा येतो. पण त्याच्या रील्सवरून आलेल्यांना सुटी अक्षरं ओळखता येतात आणि ओळ पुढे आली की बंद पडतात. मोडीत अक्षर शेजाऱ्याला बघून रूप बदलतं, ‘र’ तर बहुरूपीच. त्याला सुचवलं की अक्षराऐवजी एका कागदातला एक शब्द घे, शेवटी उत्तर देऊ नकोस, लोकांना खाली लिहू दे. त्याला भीती, बघणारे कमी होतील. करून बघतो म्हणाला.

२४ ऑक्टोबर

चॅटबॉटला कागदाचा फोटो देऊन मिळालेलं ‘लिप्यंतर’ एकाने स्वतःचं वाचन म्हणून टाकलं. वाचायला इतकं गुळगुळीत की दोघांनी शाबासकी दिली. नारायण पेठेतल्या आजींनी, ज्या लहानपणी शाळेत मोडी शिकल्या आणि आता नातवाच्या फोनवरून ग्रुपमध्ये असतात, एकच प्रश्न विचारला: ‘कागदात ओळी सात आहेत, तुझ्यात अकरा कशा?’ सुरुवातीचं ‘श्री’ सोडलं तर त्यातलं काहीच कागदात नव्हतं.

बंदी घालायची का यावर बराच काथ्याकूट. ठरलं असं: यंत्राचं वाचन टाकायचं असेल तर तसं सांगून टाकायचं, आणि प्रत्येक शब्द कागदावर कुठे आहे ते बोटाने दाखवून. बोट ठेवता आलं नाही तो शब्द बाद. अक्षरमुखासारखी लिपी बदलणारी साधनं वेगळी. ती टाइप केलेल्या मजकुरावर चालतात. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, तेव्हा सरावासाठी देवनागरीची मोडी करून घ्यायला ती उत्तम. फक्त काही जुन्या फोनवर अक्षरांऐवजी चौकोन येतात, त्यांना चित्र करून पाठवावं लागतं.

आजींचा ओळी मोजण्याचा प्रश्न फोटोच्या नियमांत घातला: वाचन टाकताना ओळीचे क्रमांक घालायचे.

१७ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची बैठक सरांकडे. अभिजातच्या लाटेत आलेल्यांपैकी मोजके टिकले, पण टिकलेले चांगले आहेत. त्यातल्या एका रिक्षावाल्या दादांनी घटोत्कचाचं पान पहिल्या फटक्यात लावलं आणि वर सरांची एक चूकही दाखवली. एकाच माणसाचं वय दोन ठिकाणी वेगळं पडलं होतं. सर खूश. नऊचा नियम आता स्वतःच पाळतात, उलट काल दुसऱ्या एका जाणकाराला ‘थांबा हो जरा’ म्हणाले.

राहिलेली कामं. टेलिग्रामचा ‘संक्षेप’ कप्पा फुगलाय, तो ‘राा’ आणि ‘ता।’पासून अकारविल्हे लावायचा. पदवीच्या मुलीने मागून घेतलाय. काकांकडून रेघांवर अर्धा तास रेकॉर्ड करायचा, गाळ्यावरच, त्यांच्या जुन्या वह्या समोर ठेवून. पुढच्या रविवारी यार्डाला सुट्टी आहे का ते विचारायचं. सगळा ग्रुप टेलिग्रामवर हलवावा असं हिंजवडीकर पुन्हा म्हणतोय, आजींच्या नातवाचा विरोध आहे. मी आजींच्या बाजूने मत दिलं. आणि भिजलेल्या ट्रंकेतला एक कागद अजून कुणालाच लागलेला नाही. तिघांची तीन वाचनं आली आहेत, तिसऱ्या ओळीत एकाला ‘विहीर’ दिसते, एकीला ‘वहिवाट’, आणि सर म्हणतात दोन्ही नाही. उद्या तो चौथ्या माणसाला, रिक्षावाल्या दादांना, खाजगीत पाठवायचा आहे.